सातवं प्रकरण आणि आवक क्रमांक १४७३

"तुमच्या कादंबरीतली फुटलेली जलवाहिनी मला खरी वाटली, प्रेम खरं वाटलं नाही," असं संपादकबाईंनी पत्रात लिहिलं होतं. मसुदेकाकांनी ते वाक्य उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं. तिन्ही वेळा अर्थ तोच निघाला.

काकांचं खरं नाव वेगळं होतं, पण पाणीपुरवठा कार्यालयात बत्तीस वर्षं प्रत्येक पत्राचा मसुदा त्यांच्याच हातून उतरत असल्यामुळे साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मसुदेकाकाच म्हणत. पाणी तोडण्याची नोटीस ते अशी लिहीत की वाचणाऱ्याला क्षणभर आपला सत्कार ठरलाय असं वाटावं. अशा माणसाने अकरा वर्षं खपून कादंबरी लिहिल्यावर ती छापली जाणारच, हे ते धरून चालले होते, आणि मेहुण्याला तसं सांगूनही बसले होते. मेहुणा ऐकून विसरणाऱ्यांतला नव्हता. दर रविवारी तो फोन करून "काय मग, आलं का पुस्तक?" असं विचारी, आणि "नाही" म्हटलं की त्याला ताजंतवानं वाटे.

पत्रात पुढे लिहिलं होतं की सातव्या प्रकरणात नायक नायिकेला मनातलं सांगतो, तिथे ही दोन माणसं प्रेमात आहेत यावर विश्वास बसत नाही. महिनाभरात विश्वास बसेल असं लिहून पाठवलंत तर पुस्तक काढू, नाहीतर क्षमस्व.

काकांनी सातवं प्रकरण काढून वाचलं. त्यांच्या मते कादंबरीतला सगळ्यात हळवा भाग तोच होता. जलअभियंता असलेला नायक पाण्याच्या टाकीखाली उभा राहून म्हणतो, "आपल्या सहवासाबाबत मी गांभीर्याने विचार करीत असून, त्या अनुषंगाने आपला अभिप्राय मिळाल्यास पुढील कार्यवाही करणे सोयीचे होईल." यावर नायिका लाजून म्हणते, "मुदतीत कळवते."

"यात काय खोटं आहे?" काकांनी बायकोला विचारलं.

काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, खोटं काही नाही. ही बाई तिथून पळून का जात नाही, एवढंच मला कळलं नाही."

कॉलेजात जाणाऱ्या लेकीने दोन पानं वाचून आणि पुढची चाळून निदान केलं. "बाबा, ही दोघं एकमेकांना 'आपण' म्हणतात. न्यायाधीश आहेत का? आणि पुढे आठव्या प्रकरणात लग्न करतात तेव्हाही 'आपण'च. माणसं 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी येतात ते दाखवा ना. सगळं तिथेच असतं."

हे काकांना पटलं आणि तिथेच घोटाळा झाला. कारण बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी शाईने 'तू' हा शब्द एकदाही लिहिला नव्हता. कोरा कागद घेऊन त्यांनी एकदा 'तू' लिहून पाहिला, तर तो त्यांना इतका उद्धट दिसला की त्यांनी लगेच त्याच्यापुढे 'कृपया' लिहिलं.

वरच्या मजल्यावरच्या विमाएजंटाने सल्ला विचारायची वाटसुद्धा पाहिली नाही. जिन्यात गाठून तो म्हणाला, "काका, प्रेम म्हणजे काय? जोखीम. तुमचा नायक जोखीमच घेत नाही. त्याला आधी आजारी पाडा." कशाने पाडू असं काकांनी विचारल्यावर त्याने अकरा आजार सांगितले, त्यांपैकी नऊ त्याच्या योजनेत बसणारे होते. मग खालच्या आवाजात तो म्हणाला, "अन् अनुभव नसेल तर निरीक्षण करा. संध्याकाळी बागेत जाऊन बसा. फुकट असतं."

अनुभव नसेल तर, हे शब्द काकांना लागले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेल्या, एक लेक असलेल्या माणसाला जिन्यात उभं करून हे ऐकवावं म्हणजे काय. तरी ते बागेत गेले, कारण निरीक्षण हा त्यांच्या हाडीमासी खिळलेला गुण होता. जाताना त्यांनी वहीत रकाने आखून नेले: अनुक्रमांक, अंदाजे वय, दोघांमधलं अंतर इंचांत, संबोधन, शेरा.

पहिली दोन जोडपी त्यांना पाहून उठून गेली. तिसरं जोडपं मात्र बोलण्यात इतकं गुंग होतं की काकांना त्यांच्या पाठीमागच्या बाकावर वीस मिनिटं मिळाली. मुलगी कळवळून म्हणत होती, "मी आता जास्त सहन करू शकत नाही." मुलगा म्हणत होता, "मी त्याच्याशी बोलतो ना." काकांनी 'तिसरा माणूस' असा शेरा लिहिला. मग मुलगी म्हणाली, "रोज सकाळी उठून पाहते तर भिंत आणखी ओली." वरच्या घरातून झिरपणाऱ्या पाण्याचा प्रश्न होता. काकांनी स्वतःला बरंच आवरलं, पण शेवटी खात्याचा माणूस. बाकावरून पुढे वाकून ते म्हणाले, "भिंत सकाळीच ओली दिसते ना? मग गळती न्हाणीघरातली नाही. रात्री टाकी भरून वाहते."

निदान अचूक होतं. पण त्यातून हा गृहस्थ वीस मिनिटं आपलं बोलणं ऐकत होता, हेही निघालं. मुलाने बागेच्या रखवालदाराला बोलावलं. रखवालदाराने वही उघडली, 'अंतर: चार इंच' इथपर्यंत वाचली आणि काकांकडे असं पाहिलं की त्यांना स्वतःच्या पांढऱ्या केसांची लाज वाटली. पुन्हा असं करणार नाही हे लेखी द्या, असं तो म्हणाला. काकांनी तिथेच बाकावर बसून दिलगिरीचं पत्र लिहिलं. ते इतकं उत्तम वठलं की रखवालदाराने दोनदा वाचलं, आणि मग आवाज मऊ करून विचारलं, "साहेब, बदलीच्या अर्जाचं पण जरा बघता का?"

घरी आल्यावर काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "अहो, दुसऱ्यांची प्रेमं मोजत हिंडताय या वयात," एवढंच त्या म्हणाल्या, आणि ओट्यापुढून पुढचा तासभर हलल्या नाहीत. त्या हसत होत्या की रागावल्या होत्या हे काकांना पाठमोरं कळेना.

असे सोळा दिवस गेल्यावर काकांना युक्ती सुचली. नायकाने समोरासमोर बोलण्याऐवजी नायिकेला पत्र लिहिलं तर? पत्र हा आपला प्रांत. जेवणाच्या सुट्टीत कार्यालयात कोणी नसताना ते संगणकाशी बसले. हाताला वळण पडलेलं, त्यामुळे आधी 'विषय' टाइप झालं, मग 'संदर्भ'. नायक जलअभियंता असल्यामुळे उपमाही पाण्याच्याच सुचल्या. पत्र असं झालं:

"विषय: आपल्याबद्दल वाटणाऱ्या ओढीबाबत. संदर्भ: गेल्या मंगळवारची आपली भेट. उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने सविनय कळविण्यात येते की, सदर भेटीपासून ओढ सतत वाढत असून दाब सहन होत नाही. रोज सकाळी साडेसहापासून वाट पाहतो, परंतु आपण येत नाही. आपल्यावाचून जीवन कोरडे पडले आहे. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. आपलाच."

काकांचे डोळे पाणावले. त्यांनी छापण्याची कळ दाबली, आणि आनंदाच्या भरात हात धुवायला गेले.

छपाईचं यंत्र दिवाणखान्याएवढ्या मोठ्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि त्याच्याशेजारी शिपाई बसे. या शिपायाला एक व्यसन होतं, कागद पडून राहिलेला त्याला पाहवत नसे. विषय आहे, संदर्भ आहे, 'सविनय' आहे म्हणजे अर्ज आहे, असं पाहून त्याने तो उचलला आणि आवक शाखेत नेऊन दिला. काका हात पुसत परतले तेव्हा यंत्र रिकामं होतं.

आता माझं प्रेमपत्र कोणी पाहिलं का, असं कार्यालयात कसं विचारणार? काका काहीतरी शोधल्यासारखं करत आवक शाखेत गेले आणि नोंदवही चाळली. क्रमांक १४७३. अर्जदार: आपलाच (आडनाव नाही). तक्रार: पाणी न येणे, ओढ व दाब. तांत्रिक शाखेकडे रवाना.

"हा कागद जरा परत हवा होता," काका सहज म्हणाल्यासारखं म्हणाले.

आवक लिपिकाने भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवलं. त्यात परिपत्रक होतं. 'एकदा आवक झालेला कागद अंतिम निर्णय झाल्याशिवाय कोणाही व्यक्तीस, कोणत्याही कारणास्तव परत देण्यात येणार नाही.' मसुदा अर्थातच काकांचा होता. 'कोणाही' आणि 'कोणत्याही' हे शब्द त्यांनी तेव्हा मुद्दाम, पळवाट राहू नये म्हणून घातले होते, आणि साहेबांनी त्याबद्दल पाठही थोपटली होती.

पुढचे अकरा दिवस काका त्या कागदाच्या नस्तीच्या, म्हणजे फायलीच्या, मागे फिरले. तांत्रिक शाखेत जावं तर नस्ती तक्रार शाखेत गेलेली, तक्रार शाखेत जावं तर पुन्हा तांत्रिक शाखेत. दोन टेबलांमध्ये ती इतकी ये-जा करत होती की शिपायाने पायदुखीची तक्रार केली. गंमत म्हणजे दोन्ही टेबलांवरची माणसं ती नस्ती कोणाच्या हाती लागू देत नव्हती. "प्रकरण चालू आहे," एवढंच सांगत.

महिना संपायला तीन दिवस उरले असताना साहेबांनी काकांना आत बोलावलं. टेबलावर नस्ती होती.

"हे वाचा," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा औषध घेतल्यासारखा झाला होता.

पत्र सगळ्यात खाली होतं आणि त्याच्यावर टिपणीची तीन पानं चढली होती. पहिली टिपणी तांत्रिक शाखेतल्या कनिष्ठ अभियंत्याची. जमिनीला कांडी लावून, तिच्या टोकाला कान देऊन खालची गळती ऐकणारा हा पस्तिशीतला अबोल माणूस. जमिनीखालचं पाणी त्याला ऐकू येई, समोरच्याचं बोलणं मात्र दोनदा सांगावं लागे. त्याने लिहिलं होतं, "अर्जदाराच्या म्हणण्यानुसार ओढ व दाब दोन्ही वाढले आहेत. ओढ वाढली की दाब कमी होतो, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य. स्थळपाहणी करावी लागेल. पत्ता मिळावा."

त्याखाली तक्रार शाखेतल्या बाईंचं अक्षर होतं. बारा वर्षं टेलिफोनवर लोकांची ओरड ऐकून या बाईंचं बोलणं तुटक झालं होतं, आणि लिहिणं त्याहून. "सदर पत्र पाण्याबद्दल नाही. पुन्हा वाचावे."

"पुन्हा वाचले. कशाबद्दल आहे याचा खुलासा व्हावा."

"खुलासा लेखी देण्यासारखा नाही."

"तोंडी चालेल. उद्या दुपारी कँटीनमध्ये शक्य आहे काय?"

"उद्या तपासणी आहे. परवा."

यापुढची टिपणी चार दिवसांनंतरची होती. अभियंत्याने लिहिलं होतं, "खुलासा झाला. मात्र काही मुद्दे समजले नाहीत. पुन्हा भेट आवश्यक."

"कोणते मुद्दे ते नमूद करावेत."

"तुम्ही बोलत होतात तेव्हा लक्ष नव्हते, त्यामुळे मुद्दे सांगता येत नाहीत."

"लक्ष कुठे होते?"

त्याखाली तीन दिवस काहीच नव्हतं. मग एकच ओळ: "तुझ्याकडे. नमूद केले."

आणि त्याखाली बाईंनी फक्त "पाहिले" असं लिहून तारखेसह सही केली होती.

काकांनी ते पान दोनदा वाचलं. अकरा वर्षं ते ज्याच्या मागे होते, ते तीन पानांत, खात्याच्या कागदावर, खात्याच्याच भाषेत पडलं होतं.

"कार्यालयीन नस्तीवर हा प्रकार," साहेब म्हणाले. "दोघांना कारणे दाखवा नोटीस काढायची. मसुदा तुम्ही करा. अन् हा 'आपलाच' कोण हरामखोर आहे तेही शोधून काढा."

"शोधतो," काका म्हणाले.

नस्ती काखेत घेऊन ते जागेवर आले, आणि नोटिशीचा कागद घेण्याआधी त्यांनी सगळ्या टिपण्या एका कोऱ्या कागदावर उतरवून काढल्या. सातवं प्रकरण तयार होतं. नावं बदलायचीसुद्धा गरज नव्हती, कारण टिपणीवर नुसते हुद्दे होते. मेहुण्याचा रविवारचा फोन त्यांना आत्ताच ऐकू येऊ लागला. पण काका पडले सरळमार्गी गृहस्थ, न विचारता दुसऱ्याचा कागद वापरायचा नाही हे त्यांना ठाऊक. ते तक्रार शाखेत गेले.

बाईंनी उतारा वाचला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

"काका, ते पत्र तुमचं आहे ना?"

"कशावरून?"

"'अनुषंगाने' हा शब्द या इमारतीत दुसरं कोण वापरतं?"

काका खुर्चीत बसले. त्यांनी सगळं सांगून टाकलं: संपादकबाई, मेहुणा, बाग, इंच, सगळं. बाई एकदाही हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकारच. शेवटी काकांनी विचारलं, "छापलं तर चालेल का? यातलं एक अक्षर बदलणार नाही. फक्त कँटीनमध्ये काय बोलणं झालं तेवढं सांगा, मधली जागा रिकामी राहते."

"नाही," बाई म्हणाल्या.

"सांगणार नाही की छापायचं नाही?"

"दोन्ही. काका, ते आमचं आहे. नस्तीवर आलं तेवढंच फार झालं. तुम्ही छापलंत तर लोक वाचतील, मग मधली जागा तुम्ही काहीतरी बनवून भराल, आणि थोड्या दिवसांनी मलाच तुमचं खरं वाटायला लागेल." मग त्या म्हणाल्या, "मला छत्तिसावं चालू आहे. मला दुसरं नाही मिळायचं असं."

काकांना वाईट वाटलं, आणि कोणासाठी जास्त वाईट वाटलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी उतारा उचलला, चार तुकडे केले आणि बाईंच्या हातात दिले. मग जागेवर येऊन मसुदा लिहायला घेतला. साहेब त्यांच्या मसुद्यावर सही करत, तो वाचत नसत, हे कार्यालयात सर्वांना माहीत होतं. काकांनी लिहिलं, "आवक क्रमांक १४७३ बाबत संबंधित शाखांनी आपसांत चर्चा करून तक्रारीचे निराकरण केले असून, उभय पक्षांचे समाधान झालेले आहे. अर्जदाराची पुढील काही तक्रार नाही. नस्ती कायमची बंद करण्यात यावी." साहेबांनी टेलिफोनवर बोलता बोलता सही ठोकली. बत्तीस वर्षांत काकांनी साहेबांना फसवल्याची ही पहिलीच वेळ, आणि घरी जाताना आपल्याला अपराधी का वाटत नाही याचंच त्यांना नवल वाटलं.

घरी येऊन ते टेबलाशी बसले. सातवं प्रकरण समोर होतं. टाकीखालचं बोलणं वाचवेना. आजारी पाडावं तर नायक आडदांड. रागारागाने त्यांनी ती सव्वीस पानं गठ्ठ्यातून उपसून बाजूला ठेवली. आता सहाव्या प्रकरणाचं शेवटचं पान आणि आठव्याचं पहिलं पान एकमेकांवर आली. सहाव्याच्या शेवटी नायक नायिकेला विचारत होता, "उद्या दुपारी आपणास वेळ आहे काय?" काकांनी 'आपणास' खोडून 'तुम्हाला' केलं. आठव्याच्या सुरुवातीला नायिका नायकाला म्हणत होती, "आपण किल्ल्या विसरलात." मग त्यांनी पेन घेतलं आणि तिथे लिहिलं, "तू किल्ल्या विसरलास." या खेपेला त्यापुढे 'कृपया' लिहावंसं वाटलं नाही.

उरलेले दोन दिवस ते पुढच्या पानांतले 'आपण' पुसत बसले.

गठ्ठा बांधताना लेक म्हणाली, "बाबा, सहानंतर एकदम आठ आलंय. सात राहिलं."

"राहिलं नाही," काका म्हणाले. "तसंच आहे ते."

लेकीने आईकडे पाहिलं. वडिलांना बागेत बसू द्यायला नको होतं, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

तीन आठवड्यांनी संपादकबाईंचं पत्र आलं. काकांनी ते पहिल्यापासूनच बसून उघडलं. आत चार ओळी होत्या. "पुस्तक काढत आहोत. सातवं प्रकरण फारच सुरेख जमलं आहे. आता कृपा करून त्याला हात लावू नका."

काकांनी मेहुण्याला फोन लावला आणि रविवार नसताना लावला. मेहुणा म्हणाला, "प्रकरण गाळलं तर बाईंना आवडलं, मग सगळीच गाळायची होती." पण त्याच्या आवाजात पूर्वीची मजा नव्हती.

काकूंनी मात्र त्या आठवड्यात सगळी कादंबरी वाचून काढली. दुपारी काम आवरलं की दाराशी उजेडाला बसायच्या. आठव्याच्या पहिल्या पानावर त्या थांबल्या, मागचं पान उलटून पाहिलं, पुन्हा पुढचं पाहिलं. काका पेपरामागून बघत होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "त्या दुपारी काय झालं हो यांचं?"

"ते त्यांचं त्यांना माहीत," काका जरा घाबरतच म्हणाले.

काकूंनी विचार केला. मग मान हलवली. "बरोबर आहे. आपलं तरी आपण कुठे कोणाला सांगितलं?" असं म्हणून, कितीतरी वर्षांत हसल्या नव्हत्या तसं स्वतःशीच हसून, त्या पुढे वाचू लागल्या.

काका "हो ना" म्हणाले. आपलं म्हणजे नक्की कुठलं, हे त्यांना काही केल्या आठवेना. पण तिला ते आठवत होतं, अजून हसू यावं इतकं आठवत होतं, याचाच त्यांना इतका आनंद झाला की पेपर उलटा धरलाय हेही लक्षात आलं नाही. खुलासा मागायची ही वेळ नव्हती, एवढं प्रेमातलं त्यांना आता कळत होतं.